संगणकाच्या संपूर्ण डिस्कची बूट होणारी प्रत बाह्य डिस्कवर: पावसाळ्याआधी काय आणि कसे करावे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

गुहागर तालुक्यात माझे अक्षरजुळणीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. दुकानातील मुख्य संगणक विंडोज १० वर चालतो. आत ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आहे आणि तिची निम्म्याहून थोडी कमी जागा भरलेली आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तके आणि मंडळांचे अहवाल यांच्या फाइलींची प्रत मी रोज वेगळी ठेवतो, त्यामुळे फाइलींची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती बसवलेल्या मांडणीची. अक्षरजुळणीचे जुने सॉफ्टवेअर, त्याचे युनिकोडपूर्व फाँट आणि डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारे छोटे उपकरण), दोन प्रिंटरांचे जुळवलेले रंग, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर हे सर्व वर्षानुवर्षे एकेक करून बसत गेले आहे, आणि त्यातील काहींच्या मूळ सीडी आज सापडल्या तरी वाचल्या जातील असे नाही.

ऐन गणपतीच्या तोंडावर डिस्क बंद पडली तर संपूर्ण डिस्कची बूट होणारी, म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू होतो अशी, तयार प्रत बाह्य डिस्कवर असावी, ती यूएसबीला जोडावी आणि अर्ध्या तासात पुन्हा कामाला लागावे, अशी माझी इच्छा आहे. विंडोजमध्ये हे खरोखर जमते का, त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज ज्या रीतीने ये-जा करते ती पाहता कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कातळशिल्प

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. विभाजन-तक्ता (डिस्कचे विभाग कसे पाडले आहेत याची नोंद), बूटचा लपलेला विभाग, विंडोज आणि फाइली असे सर्व काही जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवणे, म्हणजेच क्लोन करणे, हे सोपे आणि भरवशाचे काम आहे. तो क्लोन यूएसबीला जोडून त्याच्यावरून विंडोज चालवणे मात्र तितके भरवशाचे नाही. नेहमीच्या पद्धतीने बसवलेले विंडोज सुरू होताना आपण आतल्या डिस्कवर आहोत असे धरून चालते. यूएसबीचे ड्रायव्हर वेळेत तयार झाले नाहीत किंवा सुरू होण्याच्या मध्यावरच यूएसबीची जोडणी नव्याने उभी राहिली, तर ज्या डिस्कवर विंडोज उभे आहे तीच त्याला दिसेनाशी होते आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येतो. काही यंत्रांवर असा क्लोन चालून जातो हे खरे आहे, पण आज चाललेला क्लोन पुढच्या अपडेटनंतरही चालेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मायक्रोसॉफ्टने याच कामासाठी ‘विंडोज टू गो’ नावाची सोय विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत दिली होती, परंतु विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० साली, ती काढून टाकण्यात आली. रूफस हे मोफत सॉफ्टवेअर आजही तशी डिस्क तयार करून देते, मात्र त्यात कोरे विंडोज बसते आणि आपली मांडणी येत नाही. म्हणजे आपल्याला जे हवे आहे नेमके तेच त्यात नाही.

म्हणून रत्नागिरीत माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांना मी वेगळा मार्ग सुचवतो. अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, संगणकातल्या साटा जोडणीला लागणारी डिस्क) आणि तिच्यासाठी यूएसबी ३ चे साधे एन्क्लोजर, म्हणजे डिस्क यूएसबीला जोडणारे कवच, विकत घ्यावे आणि क्लोन त्या एसएसडीवर काढावा. एरवी ती बाह्य डिस्क म्हणून कपाटात राहील. आतली डिस्क बंद पडली, की एसएसडी एन्क्लोजरमधून काढून जुन्या डिस्कच्याच साटा केबलला आणि वीजकेबलला जोडायची. डेस्कटॉपच्या बाबतीत हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि विंडोजच्या दृष्टीने काहीच बदललेले नसल्यामुळे ते निमूटपणे सुरू होते. फक्त बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत मांडणीतील) साटाची पद्धत, म्हणजे एएचसीआय किंवा रेड यांपैकी जी असेल ती, तशीच ठेवावी, नाहीतर वर सांगितलेला निळा पडदा येथेही दिसेल.

एसएसडी घेताना आकड्याकडे लक्ष द्यावे. ५०० जीबीच्या डिस्कवर ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात, तर ४८० जीबीच्या एसएसडीवर ४८०,१०३,९८१,०५६. आपली डिस्क अर्धी रिकामी असली तरी विभाग शेवटपर्यंत पसरलेला असल्यामुळे ४८० ची एसएसडी थेट क्लोनसाठी लहान पडते आणि आधी विभाग आक्रसावा लागतो. ५०० किंवा ५१२ जीबीची घेतली तर हा खटाटोप वाचतो.

खाडीकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. माझ्याकडे एका कंपनीची १ टीबीची तयार पोर्टेबल हार्डडिस्क पडून आहे. क्लोन तिच्यावर काढून, वेळ आल्यावर तिचे कवच उघडून आतली डिस्क संगणकात बसवता येणार नाही का? नवा खर्च टळला असता.

कातळशिल्प

त्या भरवशावर राहू नये. अनेक तयार पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचे तोंड डिस्कच्या स्वतःच्या सर्किट पट्टीवरच जोडलेले असते आणि साटाची जोडणी मुळात नसतेच. कवच फोडल्यावर हाती येते ती पुन्हा यूएसबीचीच डिस्क. काहींत साटा जोडणी असते, पण मधली चिप लिहिली जाणारी सर्व माहिती कूटबद्ध करते, त्यामुळे थेट जोडल्यावर डिस्क कोरी दिसते. काही एन्क्लोजर तर ५१२ बाइटचे सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे कप्पे) संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात, आणि अशा एन्क्लोजरमध्ये केलेला विभाजन-तक्ता बाहेर काढल्यावर वाचला जात नाही. म्हणून एसएसडी आणि एन्क्लोजर वेगवेगळे घ्यावे, आणि क्लोन झाल्यावर एकदा तरी ती एसएसडी प्रत्यक्ष संगणकात बसवून पाहावी. १ टीबीची डिस्क वाया जाणार नाही, तिचा दुसरा उपयोग आहे, पण त्याविषयी अन्य कोणी लिहितीलच.

माडाची सावली

मला हा सगळा प्रपंचच अनाठायी वाटतो, स्पष्ट लिहितो म्हणून राग नसावा. मी देवगडचा, आंब्याच्या पेट्यांचे आणि बागांच्या मजुरीचे हिशेब संगणकावर ठेवणारा. क्लोनमध्ये विंडोजबरोबर वर्षानुवर्षांचा कचरा येतो, एखादा व्हायरस दबा धरून बसला असेल तर तोही येतो, आणि क्लोन काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो शिळा होऊ लागतो. त्यातच एका क्लोनमध्ये एकच दिवस साठवला जातो. चार दिवसांपूर्वी खराब झालेली फाइल आज लक्षात आली आणि मधल्या काळात आपण क्लोन ताजा केला असेल, तर मूळ आणि प्रत अशा दोन्ही ठिकाणी तीच खराब फाइल असते. फाइली सुरक्षित असतील तर नवी डिस्क घालून नवे विंडोज बसवावे. एक दिवस जातो, पण यंत्र स्वच्छ होते.

सुरंगी

आपल्या आक्षेपातील शिळेपणाचा आणि एकाच दिवसाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, परंतु धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे, की त्यांचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येईल याची खात्री नाही. आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर आजही विकले जाते आणि उतरवून घेता येते. त्यांच्या फाँटांचे तसे नाही. ज्याची मांडणी पुन्हा उभी करता येते त्याने नवे विंडोज बसवावे आणि ज्याची येत नाही त्याने क्लोन ठेवावा, एवढाच येथे फरक आहे.

त्यांच्या १ टीबीच्या डिस्कचा उपयोग इथेच होतो. क्लोनप्रमाणे संपूर्ण डिस्कची ‘इमेज’ही काढता येते. इमेज म्हणजे डिस्कची सर्व माहिती दाबून एका फाइलीत किंवा एका फोल्डरात भरणे. ती थेट बूट होत नाही, आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागते. पण ती जागा कमी घेते आणि वेगवेगळ्या तारखांच्या अनेक इमेज एकाच डिस्कवर राहू शकतात. एसएसडीवर सर्वांत ताजा क्लोन आणि पोर्टेबल डिस्कवर मागच्या काही इमेज अशी जोडी ठेवली, तर माडाची सावली यांनी दाखवलेली उणीव बरीचशी भरून निघते.

सॉफ्टवेअरविषयी लिहिते. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेकांच्या सवयीची होती, मात्र ती मागे घेण्यात आली असून १ जानेवारी २०२४ पासून तिला सुरक्षा-दुरुस्त्याही मिळत नाहीत. अनेक एसएसडी कंपन्या स्वतःचे क्लोनिंगचे सॉफ्टवेअर मोफत देतात, पण दोहोंपैकी एक डिस्क त्या कंपनीची असल्याशिवाय ते बहुधा चालत नाही. दापोलीत आमच्या प्रयोगशाळेत मी क्लोनझिला वापरते. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्राने तयार केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून स्वतंत्रपणे सुरू होते, त्यामुळे क्लोन होताना विंडोज चालूच नसते आणि एकही फाइल उघडी नसते. क्लोन आणि इमेज दोन्ही त्यातच होतात. दिसायला ते रुक्ष आहे. निळ्या-करड्या चौकटी आणि इंग्रजी प्रश्न पाहून आमचे विद्यार्थी प्रथम बिचकतात.

क्लोन करण्यापूर्वी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट निद्रेत जाते, आणि अशा अवस्थेतील विभाग क्लोनझिला नाकारतो. त्यानंतर चेकडिस्क चालवून डिस्कवरील फाइलरचना नीट आहे याची खात्री करावी. क्लोनझिला सुरू झाल्यावर ‘डिव्हाइस टू डिव्हाइस’ निवडले, की तो आधी मूळ डिस्क विचारतो आणि मग लक्ष्य डिस्क. यादीत ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे येतात, आणि खरा धोका येथेच आहे. कोणती डिस्क ‘ए’ आणि कोणती ‘बी’ हे प्रत्येक वेळी तेच राहील असे नाही, म्हणून त्या अक्षरांवर न जाता पुढे लिहिलेले कंपनीचे नाव, मॉडेल आणि आकार वाचूनच निवड करावी. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच आकाराच्या असतील तर आधी मागील चिकटपट्टीवरचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. लक्ष्य डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल असे तो लिहिण्यापूर्वी दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारले जाते तेव्हा ‘वाय’ दाबायला हात शिवशिवत असतो. त्या क्षणी थांबून मॉडेल पुन्हा वाचावे.

क्लोन झाल्यावर संगणक पूर्ण बंद करावा आणि दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज सुरू करू नये. दोन्हींची ओळखखूण एकच असते. विंडोजला एकाच खुणेच्या दोन डिस्क दिसल्या की ते एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते, आणि आपण तिला हाताने ऑनलाइन केले की तिच्यावर नवी खूण लिहून मोकळे होते. मग क्लोनमधील बूटची नोंद जुनी खूण शोधत राहते आणि तयार झालेला क्लोन सुरू होत नाही. लिनक्समध्येही हाच घोळ यूयूआयडी या ओळखक्रमांकामुळे होतो, आणि बीटीआरएफएस ही फाइलरचना असेल तर तो केवळ घोळावर न थांबता माहिती बिघडण्यापर्यंत जाऊ शकतो. ज्यांना यूएसबीवरूनच चालणारी प्रत हवी आहे त्यांच्यासाठी मात्र लिनक्स विंडोजपेक्षा कितीतरी सोयीचे आहे. बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बाह्य डिस्कच्या ठरावीक जागी, म्हणजे ईएफआय विभागातील ‘बूट’ फोल्डरात, बसवला की डिस्क बहुतेक यंत्रांवर उठते.

गलबत

मालवणहून विचारतो. माझ्याकडे पर्यटकांच्या फोटोंच्या कामासाठी एम१ चिपचा मॅक आहे. पूर्वी इंटेलच्या मॅकवर कार्बन कॉपी क्लोनर या सॉफ्टवेअरने केलेली बाह्य डिस्क जोडली, ऑप्शन कळ दाबून धरली, की काम सुरू होत असे. आता तसे करता येते का?

कातळशिल्प

करता येते, पण त्याचा उपयोग पूर्वीइतका राहिलेला नाही. २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून मॅकओएसचा प्रणालीचा भाग ॲपलच्या सहीने मोहोरबंद असतो आणि त्याची बूट होणारी प्रत ॲपलच्या स्वतःच्या यंत्रणेनेच काढावी लागते. कार्बन कॉपी क्लोनर आता मुख्यतः आपल्या फाइली आणि मांडणी यांचीच प्रत ठेवतो, आणि बूट होणारी प्रत हा त्यातील बाजूचा, जुन्या पद्धतीचा पर्याय झाला आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ॲपलच्या चिपच्या मॅकमध्ये सुरुवातीच्या बूटचा काही भाग आतल्या साठवणुकीवर असतो, त्यामुळे ती साठवणूकच निकामी झाली तर बाह्य डिस्क कितीही चांगली असली तरी मॅक उठत नाही. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ती ठेवायची, त्याच प्रसंगी ती चालत नाही. आपण टाइम मशीन (मॅकमधील राखीव प्रतींची सोय) ठेवावे आणि फोटोंची वेगळी प्रत ठेवावी. इंटेलच्या मॅकवर, टी२ ही सुरक्षा-चिप असल्यास बाह्य डिस्कवरून सुरू होण्याची परवानगी आधी देऊन, जुनी रीत अजून चालते.

वाशिष्ठी

तंत्राची चर्चा उत्तम चालली आहे, त्यात जागेविषयी भर घालते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेतील तळमजल्यावरची दुकाने पाण्याखाली गेली, तेव्हा ज्यांचा संगणक आणि त्याची प्रत एकाच टेबलाच्या खणात होते त्यांचे दोन्ही गेले. क्लोन दुकानात ठेवू नये, घरी माळ्यावर ठेवावा, आणि घरही नदीकाठी असेल तर नातेवाइकांकडे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, कारण आपल्या खाऱ्या दमट हवेत यूएसबीच्या तोंडावर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो.

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप ज्यांच्याकडे आहे त्यांनी क्लोनपूर्वी बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू आहे का हे पाहावे. अनेक लॅपटॉपांत ते आपण न सांगता चालू असते, आणि मग क्लोनवरून लॅपटॉप सुरू करताना ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती कागदावर लिहून ठेवावी, त्याच लॅपटॉपमधील फाइलीत ठेवू नये.

माडाची सावली

सुरंगीताईंचे म्हणणे पटले. फाँटांचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. एक शंका उरते. पावसाळ्यात वीज मध्येच गेली तर अर्धवट क्लोनचे काय होते, आणि मूळ डिस्कला काही अपाय होतो का?

सुरंगी

मूळ डिस्क फक्त वाचली जात असते, त्यामुळे तिच्यावरील माहिती बदलत नाही. अर्धवट क्लोन मात्र निरुपयोगी असतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. वेळेचा अंदाज असा, की २०० जीबी भरलेली फिरती हार्डडिस्क यूएसबी ३ वरून सरासरी १०० एमबी प्रतिसेकंद वेगाने वाचली गेली तर सुमारे ३५ मिनिटे लागतात. तेच यूएसबी २ च्या जोडणीत ३५ एमबीच्या आसपास अडकते आणि दीड तासाहून अधिक वेळ जातो. म्हणून केबल निळ्या जिभेच्या पोर्टात घातली आहे ना, हे पाहावे. दुकानातील लहान यूपीएस दहा-पंधरा मिनिटेच तगतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर काम करायचे असेल तर तो यूपीएस पद्धतीवर ठेवावा, अन्यथा बदलाच्या क्षणी डेस्कटॉप बंद पडू शकतो. खरे तर हे काम मेमध्येच उरकावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे दीर्घकाळ विजेविना होती, आणि तशा वेळी क्लोनच काय, संगणकही शोभेचा.

कातळशिल्प

याला जोडून सांगतो, की क्लोन सुरू करण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मूळ डिस्कची प्रकृती पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीत शून्याखेरीज काही दिसले तर डिस्कचे काही भाग वाचताना ती अडखळत आहे असे समजावे. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवून तिला आणखी दमवू नये आणि साधा क्लोनही करू नये. त्यासाठी लिनक्समधील डीडीरेस्क्यू आहे. तो आधी सहज वाचता येणारे सर्व भाग उतरवून घेतो, अवघड भाग शेवटी पुन्हापुन्हा प्रयत्न करून वाचतो, आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवत असल्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू होतो.

खाडीकाठ

सर्वांच्या सूचनांनुसार काम पूर्ण झाले, त्याचा वृत्तान्त देतो. ५१२ जीबीची एसएसडी घेतली आणि सुरंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे क्लोनझिलाने प्रत काढली. उत्सुकता म्हणून आधी ती यूएसबीवरूनच सुरू करून पाहिली. विंडोजचे चिन्ह आले, ठिपके थोडा वेळ फिरले आणि अपेक्षेप्रमाणे निळा पडदा आला. मग तीच एसएसडी जुन्या डिस्कच्या केबलला जोडली, तर डेस्कटॉपवरील चिन्हांच्या जागांसकट सर्व जसेच्या तसे उभे राहिले. डोंगल ओळखले गेले, दोन्ही प्रिंटरांवर चाचणीची पत्रिका छापली, टोकनने स्वाक्षरीही घेतली. संगणक तोच असल्यामुळे विंडोजने परवान्याचा प्रश्न काढला नाही.

वेग पाहून मात्र मनात वेगळाच विचार आला आहे. एसएसडीच आत राहू द्यावी आणि जुनी हार्डडिस्क एन्क्लोजरमध्ये घालून राखीव प्रत म्हणून वापरावी, तर काय हरकत आहे?

कातळशिल्प

काहीच हरकत नाही, उलट तेच करावे. कपाटात बंद राहणाऱ्या डिस्कसाठी फिरती हार्डडिस्क एका अर्थाने बरी, कारण एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि दीर्घकाळ विजेविना ठेवलेल्या, झिजलेल्या एसएसडीत तो भार गळत जातो. जेडेक या इलेक्ट्रॉनिक चिप-उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीला तिचे लेखनआयुष्य संपल्यानंतर ३० अंश सेल्सिअसला, विजेविना, १ वर्ष माहिती टिकवण्याची अट आहे. नव्या एसएसडीत ती त्याहून खूप अधिक टिकते, पण आपल्याकडचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही.

एकच अडचण आहे. आता मूळ डिस्क ५१२ ची आणि राखीव ५०० ची झाली, म्हणजे पुढच्या वेळी उलट दिशेचा क्लोन करताना लक्ष्य लहान पडणार. क्लोनझिलाने विभाग पूर्वीच्याच आकाराचा ठेवला असेल तर एसएसडीच्या शेवटी सुमारे १२ जीबी जागा रिकामी दिसत असेल. ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी विभागात जोडून घेण्याचा मोह टाळावा. पुढच्या वेळी क्लोनझिलामध्ये तज्ज्ञांचा पर्याय निवडून लक्ष्याच्या आकाराची तपासणी वगळावी, म्हणजे क्लोन ५०० वर बसेल. डिस्कचा विभाजन-तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा नसून नव्या जीपीटी पद्धतीचा असेल तर तक्त्याची शेवटी असलेली राखीव प्रत जागेवर राहणार नाही. त्या वेळी जीडिस्क या साधनाने ती दुरुस्त करावी लागेल, तेव्हा आधी इथे लिहा, एकेक पायरी सांगतो.

खाडीकाठ

तपासले. शेवटी ११ जीबीच्या वर जागा रिकामी दिसते आहे आणि डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. जागा तशीच ठेवतो. जुनी हार्डडिस्क एन्क्लोजरमध्ये घातली आहे, तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावली आहे आणि ती आज घरी नेत आहे. १ टीबीच्या डिस्कवर पहिली इमेज रविवारी दुकान बंद असताना काढेन.